एंजलच्या बाजूने

प्रिय निखिल,

'पार्टी मॉन्स्टर' बघायला तू साफ नकार दिलास. असल्या सिनेमांमुळे आपलीच बदनामी होते, समलिंगी म्हटलं की नशा, नाइटक्लब आणि शेवटी मुडदा हेच लोकांच्या डोक्यात बसतं, असं तुझं म्हणणं. तुझा राग मला कळतो. तरी मी तो पाहिला आणि आता तुला सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सिनेमा २००३चा, फेंटन बेली आणि रँडी बार्बाटो या जोडीचा. मोठ्या स्टुडिओचा नाही, आणि गोष्ट खरी आहे. मायकेल ॲलिग हा इंडियानातल्या साउथ बेंडचा मुलगा. १९८४ मध्ये शिकायला म्हणून न्यूयॉर्कला आला, एका क्लबात टेबलं आवरायचं काम धरलं आणि बघता बघता शहराच्या रात्रींचा राजा झाला. त्याच्याभोवती जमलेली पोरं म्हणजे 'क्लब किड्स'. चेहऱ्यावर रंगांचे थर, हातभर उंच बूट, अंगावर कशाचेही कपडे. टीव्हीवरच्या मोठमोठ्या टॉक शोंनी त्यांना बोलावून घेतलं. गावात ज्यांना चालण्याबोलण्यावरून मार खावा लागला होता, त्यांच्यासाठी दारात रांगा लागायला लागल्या. हे सुख लहान नव्हतं रे. बाहेर एड्सने थैमान घातलं होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत २५ ते ४४ वयाच्या पुरुषांच्या मृत्यूचं ते पहिल्या क्रमांकाचं कारण होतं. अशा काळात ही मुलं नाचत होती, हे विसरून त्यांच्याकडे बघता येत नाही. सिनेमा मात्र हे जवळजवळ विसरतो, आणि तिथे माझं त्याच्याशी पहिलं भांडण आहे.

त्यांचा अड्डा म्हणजे 'लाइमलाइट'. सहाव्या ॲव्हेन्यूवरचं एक खरंखुरं चर्च, रिचर्ड अपजॉन या वास्तुविशारदाने १८४०च्या दशकात उभारलेलं. तिथे १९८३ मध्ये क्लब सुरू झाला. दर बुधवारी ॲलिगची 'डिस्को २०००' ही पार्टी. मालक पीटर गेटियन, एका डोळ्यावर काळी पट्टी लावणारा. पार्ट्यांना गर्दी खेचतो तोवर ॲलिगचे सगळे लाड.

नशेचं चित्रण सिनेमात भरपूर आहे, पण नशा माणसाला कशी पोखरते, हे आपल्याला थोडं आपलं आपण समजून घ्यावं लागतं. केटामाइन हे मुळात भुलीचं औषध, जनावरांचे डॉक्टरही वापरतात. मात्रा वाढली की आपलं शरीर आपलं वाटेनासं होतं, सगळं लांबून बघितल्यासारखं. त्यावर कोकेन, रोहिप्नॉल नावाची गुंगीची गोळी, हेरॉइन. ज्याला स्वतःचं दुखणं जाणवत नाही, त्याला समोरच्याचं काय जाणवणार?

आणि आता एंजल. आंद्रे मेलेंडेझ, कोलंबियात जन्मलेला. पाठीला मोठे पंख लावून क्लबात यायचा म्हणून एंजल. विल्सन क्रूझने तो उभा केलाय. तो तिथेच गोळ्या-पावडर विकायचा, म्हणजे धुतल्या तांदळासारखा नव्हता. पण सिनेमा बघताना त्याच्याकडे नीट बघ. बाकीचे त्याला वापरतात, त्याच्याकडून उधार घेतात आणि वर त्याची टिंगलही करतात. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही. १९९६च्या मार्चमध्ये ॲलिगच्या घरात पैशांवरून वाद झाला. ॲलिग आणि त्याचा साथीदार रॉबर्ट रिग्ज यांनी त्याला ठार केलं. हातोडा वापरला गेला. प्रेत कित्येक दिवस बाथटबमध्ये पडून होतं. मग तुकडे करून खोक्यात भरलं आणि हडसन नदीत टाकलं.

मला यापेक्षा पुढचं जास्त छळतं. ॲलिग लोकांना सांगत सुटला की मीच एंजलला मारलं. लोकांना वाटलं, ही याची नवी नाटकं. जिथे रोज रात्री रक्ताचा खोटा मेकअप करून नाचायचं, तिथे खऱ्या खुनाची कबुलीसुद्धा करमणूक ठरली. 'व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात मायकेल मुस्टोच्या सदरात नावं न घेता ती कुजबुज छापूनही आली. इकडे एंजलचा भाऊ त्याला शोधत वणवण फिरत होता. एप्रिलमध्ये स्टेटन आयलंडच्या किनाऱ्यावर प्रेत सापडलं, पण ते एंजलचं आहे हे ठरायला नोव्हेंबर उजाडला. परदेशातून आलेला, समलिंगी, नशा विकणारा. अशा माणसाच्या नाहीसं होण्याची घाई कुणाला असते?

म्हणून तुला सांगतो, काळी बाजू ही आपल्या समलिंगी असण्याची नाही. आपला मित्र चार दिवस दिसला नाही तरी संगीत चालूच राहतं, ती आहे. ती झाकून आपली अब्रू वाचत नाही, एंजल मात्र पुन्हा एकदा गायब होतो.

सिनेमा म्हणून तो सरळ चांगला आहे असं नाही म्हणणार. ॲलिगच्या मित्राच्या भूमिकेत सेथ ग्रीन फार छान. ॲलिग झालेला मॅकॉली कल्किन अनेक वर्षांनी पडद्यावर परतला होता. त्याचा तो सपाट, लाडिक आवाज आधी खटकतो, मग त्याचीच भीती वाटायला लागते. रंग, विनोद आणि कपड्यांवर दिग्दर्शक इतके लुब्ध आहेत की मारणाऱ्याचा सहवास आपल्याला गोड वाटतो आणि मेलेला कोपऱ्यात राहतो. भावाची ती वणवण पडद्यावर अजून खूप हवी होती.

१९९७ मध्ये ॲलिग आणि रिग्ज दोघांनी गुन्हा कबूल केला, दहा ते वीस वर्षांची शिक्षा झाली. ॲलिग २०१४ मध्ये सुटला आणि २०२०च्या डिसेंबरात, ५४व्या वर्षी, हेरॉइनच्या अतिसेवनाने गेला. हे वाचून मला समाधान वाटलं नाही, उलट फार वाईट वाटलं. साउथ बेंडहून आलेल्या त्या मुलाला टाळ्या पुष्कळ मिळाल्या, पण थांब म्हणणारं कुणी भेटलं की नाही, कोण जाणे.

बेली-बार्बाटो या दिग्दर्शक जोडीनेच १९९८ मध्ये याच विषयावर माहितीपटही केला होता. तू आधी तो बघ, खरी माणसं त्यात बोलतात. मग हा सिनेमा. एंजलच्या प्रसंगांबद्दल तुझं मत मला हवंय, आणि नाही पटलं तर भांडायला लांबलचक पत्र लिही.

तुझाच,
अमेय