पदकाच्या इमोजीपुढची नावे गायब होतात, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : प्रमाणपत्रात 🏅 टाकल्यावर पुढचा मजकूर कापला जाणे

महोदय,

मुलांच्या धावण्याच्या स्पर्धेची ३८ प्रमाणपत्रे आम्ही तुमच्या सेवेवर तयार केली. त्यांपैकी ९ विजेत्यांची होती. त्यांवर क्रमांक, मग 🏅 आणि त्यापुढे मुलाचे नाव, अशी ओळ होती. प्रिव्ह्यूत सगळे नीट दिसले, म्हणून सेव्ह करून छापून घेतले. बक्षीस समारंभात पहिल्या आलेल्या मुलीने प्रमाणपत्र उलटून मागची बाजूही पाहिली आणि विचारले, "माझं नाव कुठंय?" कागदावर "प्रथम क्रमांक" एवढेच होते. पदक नाही, नाव नाही. नुसता भाग घेतलेल्या २९ मुलांची नावे मात्र जशीच्या तशी होती, कारण त्यांच्या ओळीत पदकच नव्हते.

तुमच्याकडून उत्तर आले की फाँट बदला, नाहीतर 🎖️ वापरून बघा. फाँटचा दोष असता तर पदकाच्या जागी रिकामा चौकोन आला असता, पुढचे नाव गेले नसते. आणि 🎖️ हे सैनिकी पदक आहे. धावणाऱ्या मुलांना ते का द्यायचे? तरी करून पाहिले. तिथेही ओळ तुटली. 🥇 टाकल्यावरही तेच. ★ टाकल्यावर मात्र पुढचे नाव शाबूत राहिले.

दुखणे इथेच कळते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या एका पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा ३ बाइट (साठवणीची एकके) घेते, ★ सुद्धा ३. युनिकोड या जगभरच्या अक्षर-चिन्हांच्या यादीत 🏅 चा क्रमांक १२७९४१. ६५५३५ च्या पुढच्या प्रत्येक चिन्हाला ४ बाइट लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमधला 'यूटीएफ८' हा जुना प्रकार एका चिन्हाचे ३ बाइटपर्यंतच साठवतो. त्यात कडक तपासणी बंद असेल तर ४ बाइटचे चिन्ह येताच तिथून पुढचा मजकूर कापून आधीचा तेवढा सेव्ह होतो. वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. तुमच्याकडे हेच होत असावे, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच मराठी व्यवस्थित चालते आणि चूक इतके दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. ४ बाइट घेणारा 'यूटीएफ८एमबी४' २०१० मध्येच आला. 🏅 युनिकोडमध्ये आले २०१४ मध्ये. पदक येण्याआधीपासून उपाय हाताशी होता.

पदक न दिसणे मी एक वेळ समजून घेतले असते. पण प्रिव्ह्यूत एक दाखवायचे आणि साठवायचे दुसरे, हे मला मान्य नाही.

तुमच्या तांत्रिक विभागाने तक्ते आणि डेटाबेसची जोडणी, दोन्ही 'यूटीएफ८एमबी४' वर आणावीत. एकच बदलून भागणार नाही. तोवर असे चिन्ह आले तर सेव्ह न करता स्पष्ट सूचना द्यावी. कापलेली नावे तुमच्याकडे साठवलीच गेलेली नाहीत, त्यामुळे ९ मुलांची यादी सोबत पुन्हा जोडली आहे. त्यांची प्रमाणपत्रे दुरुस्त करून द्यावीत आणि छपाईचा खर्च भरून द्यावा. ज्या ग्राहकांनी पदकाचे चिन्ह वापरले असेल, त्यांनाही तुम्ही स्वतःहून कळवावे.

लेखी उत्तराची वाट पाहत आहे.

आपली ग्राहक,
स्पर्धेची संयोजक

सोबत : विजेत्यांची यादी, प्रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट, छापील प्रमाणपत्राचा फोटो