ताई, त्या रात्री तुम्ही तुमचा सिक्वेन्स थांबवलात

ताई,

हे पत्र फक्त तुम्हालाही पाठवता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहितोय. आकाशाच्या फोटोग्राफीसाठी माउंट, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांच्या मागे फिरवत नेणारं यंत्र, घ्यायचाय आणि काहीच कळत नाहीये अशा अवस्थेत आज कोणीतरी असणारच, त्यांना कळू दे की खरी मदत कशी असते. आणि ज्यांनी मला आधी वाटेला लावलं त्यांच्याही नजरेला पडलं तर पडू दे. राग गेलेला नाही माझा अजून, पण त्याच्यापेक्षा तुमचे आभार मोठे आहेत.

आधीचं थोडं सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही काय केलंत ते लोकांना कळणार नाही. मी पहिला माउंट घेतला तेव्हा विकणाऱ्यानं एकच आकडा सांगितला होता, पेलोड. एवढे किलो उचलतो, काहीही चढवा, डोळे झाकून घ्या. मी विचारलं की पिरिऑडिक एरर, म्हणजे गिअरच्या प्रत्येक फेऱ्यात परत येणारी चूक, किती आहे, वर्मचा (गिअरचं चाक फिरवणाऱ्या मळसूत्राचा) एक फेरा किती वेळात होतो, तर म्हणे ते सगळं गायडिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्यानं एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सावरत राहण्यात, निघून जातं, तुम्ही नका विचार करू. मग माउंट आला आणि तारे काही केल्या गोल येईनात, कधी लांबट, कधी चक्क दोन दोन. फोन केला की उत्तर ठरलेलं, तुमचं पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे लावणं, चुकतंय. परत केलं, परत फोन केला, परत तेच. नंतर नंतर तर आवाजातच कळायचं की हा माणूस परत आला डोकं खायला. जे स्वतःला जाणकार म्हणवतात त्यांच्याकडेही गेलो, तिथे निम्मे म्हणाले हार्मोनिक (लवचिक गिअरचा हलका माउंट) घे, निम्मे म्हणाले हार्मोनिकच्या नादाला लागू नकोस वर्मच घे, आणि मग त्यांचं आपसातच जुंपलं, मी काय विचारलं होतं ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. एकानं तर सरळ सांगितलं की एवढं बजेट नसेल तर हा छंद तुझ्यासाठी नाही. हे वाक्य मला बरेच दिवस पुरलं.

तुम्ही कुठला माउंट घे हे सांगितलंच नाहीत. तुम्ही विचारलंत, ट्यूब, म्हणजे दुर्बीण, कुठली चढवणार, कॅमेऱ्याचा पिक्सेल केवढा, आणि हे सगळं सामान उचलून नेणार कोण. मला इतका वेळ कुणीच हे विचारलं नव्हतं! आणि मग म्हणालात, जुन्या माउंटचा गायडिंगचा लॉग (नोंदींची फाइल) पाठव, फोटो नको, लॉग पाठव.

लॉग बघून तुमचा जो निरोप आला तो मी अजून जपून ठेवलाय. तुम्ही लिहिलं होतंत की पोलर अलाइनमेंट चुकलं असतं तर डेकची (उत्तर-दक्षिण दिशेची) रेघ एका बाजूला हळूहळू सरकत गेली असती, ही रेघ तशी नाहीये, ही अडकतीये, पल्स वर पल्स (सावरायचे हुकूम) जातायत तरी हलत नाही आणि मग एकदम उडी मारून पलीकडे जातीये, हा बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली ढिलाई) आणि गिअर अडकण्याचा प्रकार आहे, तुझा दोष नाही. ताई, शेवटचे तीन शब्द वाचून मी खरंच उठून फेऱ्या मारल्या. इतके महिने सगळे मलाच सांगत होते की तुला जमत नाहीये.

पण हे पत्र त्याच्यासाठीही नाहीये. हे त्या अंधाऱ्या रात्रीसाठी आहे.

तुम्ही म्हणाला होतात की ये, तुझ्या दोन्ही ट्यूब घेऊन ये, माझ्या माउंटवर चढवून बघू. मला वाटलं तुमचं काम झालं की शेवटी थोडा वेळ द्याल. मी पोचलो तेव्हा तुमचा एम ३३ चा सिक्वेन्स, म्हणजे एकामागून एक फोटो घेणं, चालू होता, त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका, आकाश इतकं स्वच्छ की असं वर्षातून मोजक्या वेळा मिळतं, चंद्र नाही, तुमचा गायडिंगचा ग्राफ एकदम शांत चाललेला. मी म्हणलं राहू दे ताई, मी थांबतो. तुम्ही काही बोलला नाहीत, लॅपटॉपवर स्टॉप दाबलंत, एक्सपोजर अर्ध्यात होतं ते तसंच टाकून दिलंत, आणि तुमची ट्यूब सॅडलमधून (माउंटवरच्या पकडीतून) काढायला लागलात. मला म्हणालात, वजनं धर जरा.

बस एवढंच. एक बटण दाबलंत. पण जे लोक हे काम करतात त्यांना कळेल ते बटण दाबणं म्हणजे काय. तेजोमेघ असता तर ठरावीक रंगाचाच प्रकाश घेणारा नॅरोबँड फिल्टर लावून चंद्र असतानाही डेटा घेता येतो, दीर्घिकेला तसं चालत नाही, तिला काळं आकाशच लागतं, आणि काळं आकाश, ढग नाहीत, हवा स्थिर, सुट्टी आहे, सगळं सामान चालतंय, हे सगळं एका रात्रीत जुळून येणं किती अवघड असतं. तुम्ही ती रात्र एका अशा माणसाला दिलीत जो तुमचा कोणी नव्हता. आणि नंतर एकदाही त्याचा उल्लेख नाही. माझे किती तास गेले तुझ्यापायी, असं गमतीतसुद्धा नाही. मला स्वतःला आता रात्र रात्र डेटा घेताना त्याची खरी किंमत कळतीये, तेव्हा निम्मीसुद्धा कळली नव्हती, म्हणून आभार मानायला एवढा उशीर.

त्या रात्री मी जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो, तुमचंच आहे, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

आधी तुम्ही माझी ८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) चढवलीत. तुमच्या माउंटचा पेलोड २० किलोचा, माझी ट्यूब सगळं धरून त्याच्या निम्म्याच्या जरा वर, म्हणजे कागदावर काहीच अडचण नाही. गायडिंग सुरू झालं, ठीक चाललं होतं, आणि वाऱ्याची एक झुळूक आली की ग्राफ उधळायचा. तुम्ही म्हणालात, दार बिजागरीजवळ ढकलून बघ आणि कडेला ढकलून बघ, वजनापेक्षा लांबी जास्त त्रास देते, ही ट्यूब जवळपास मीटरभर लांब आणि जाडजूड आहे, वारा तिला टोकाला धरून हलवतो. कंपनी जो पेलोड लिहिते त्यात हे कुठेच नसतं. म्हणून नेहमीच्या वर्मच्या माउंटवर फोटोसाठी लिहिलेल्या पेलोडच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंतच जायचं असं बहुतेक लोक पाळतात, आणि लांब ट्यूब असेल तर निम्मंच धरायचं.

मग हिशोब दाखवलात. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, त्याला २०६.३ नं गुणायचं आणि फोकल लेंथच्या मिलिमीटरनं भागायचं, एक पिक्सेल आकाशाचा किती तुकडा बघतो ते आर्कसेकंदात (अंशाच्या ३६०० व्या भागात) निघतं. माझा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. न्यूटोनियनची फोकल लेंथ १००० मिलिमीटर, म्हणजे पिक्सेलला ०.७८ आर्कसेकंद. छोटा रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) ४०० मिलिमीटरचा, म्हणजे १.९४. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं. म्हणजे छोट्या ट्यूबवरसुद्धा माउंट एक सेकंद थांबला तर तारा जवळपास ८ पिक्सेल पळाला, मोठ्या ट्यूबवर १९. हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की माउंट हे टेलिस्कोपचं स्टँड नाहीये, फोटो तोच काढतो, बाकीचं सगळं त्याच्यावर बसलेलं असतं.

मग छोटा रिफ्रॅक्टर चढवलात, त्याच वाऱ्यात. ग्राफ बसला. एकूण आरएमएस (गायडिंगची सरासरी चूक) एक आर्कसेकंदाच्या खाली आला, म्हणजे माझ्या अर्ध्या पिक्सेलच्या आत. मी त्या एकूण आकड्यावरच खूश झालो होतो, तर तुम्ही म्हणालात तो बघू नकोस, आरए (पूर्व-पश्चिम) आणि डेक वेगळे बघ, दोन्ही सारखे असतील तर तारा थोडा जाड होईल पण गोल राहील, एक चांगला आणि एक वाईट असेल तर एकूण आकडा बरा दिसूनही तारा लांबटच येणार. हे वाक्य मी नंतर कितीतरी जणांना सांगितलंय.

दोन्ही वेळा गायडिंगचं कॅलिब्रेशन चालू असताना आपण नुसते उभे होतो तेव्हा तुम्ही सांगितलंत ते पण लक्षात आहे, की जर्मन दुर्बीणकार फ्राउनहोफरनं १८२४ मध्ये डॉरपाटच्या (आजचं एस्टोनियातलं टार्टू) दुर्बिणीला घड्याळाच्या यंत्रावर फिरणारा असाच माउंट केला होता, ज्याला आपण आज जर्मन इक्वेटोरियल म्हणतो. आणि हेन्री ड्रेपरनं १८८० मध्ये मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला तो ५१ मिनिटांच्या एक्सपोजरनं. पुढे बार्नार्डसारखी माणसं तासन् तास आयपीसला डोळा लावून हातानं गायडिंग करत बसायची. मला धीर यावा म्हणून सांगत होतात ते, मला कळलं. आला धीर.

शेवटी वर्म की हार्मोनिक. तुमच्याकडे वर्मचा माउंट, १८० दातांचं चाक, वर्मचा एक फेरा साधारण ८ मिनिटांत, चूक सावकाश वरखाली होणारी, गायडिंगला सांभाळायला सोपी. जो माझ्याकडे आहे तोच घे असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. उलट तो सगळा उतरवून मला म्हणालात, आता हा उचल आणि गाडीपर्यंत ने. नुसतं हेड सतरा किलोच्या वर, काउंटरवेट वेगळे, ट्रायपॉड वेगळा. माझ्या पाठीचं दुखणं तुम्हाला माहीत होतं. मग म्हणालात, हार्मोनिकवाले ५ किलोच्या आसपास असतात, ह्या छोट्या ट्यूबला काउंटरवेटही लागणार नाही, बॅकलॅश नसल्यात जमा, पण एक लक्षात ठेव, त्यांची पिरिऑडिक एरर मोठी असते आणि चढउतार झपकन येतो, गायडिंगशिवाय ते कामाचे नाहीत, गाइड कॅमेऱ्याचं एक्सपोजर अर्धा ते एक सेकंद ठेवावं लागेल, माझ्यासारखं दोन-तीन सेकंद चालणार नाही, आणि हलका माउंट म्हणजे ट्रायपॉड भक्कम पाहिजे. फायदे तोटे दोन्ही एका दमात. मला काय झेपेल ते बघून सांगितलंत.

मी हार्मोनिक घेतला. गेल्या अमावस्येला ५ मिनिटांचा सब (एक सुटा फोटो) उघडला आणि चारही कोपरे झूम करून बघितले, गोल. न्यूटोनियन मी विकली नाहीये, ती डोळ्यानं बघायला वापरतो आणि त्यासाठी ती फार सुंदर आहे, तुम्ही म्हणाला होतात तसंच.

मला सारखं वाटतं की असं ज्ञान असलेली माणसं कमी नाहीत, तुमच्याइतकं गिअरचं कळणारे अजून असतील. पण समोरच्याचं ऐकून घ्यायचं, त्याला लाजवायचं नाही, आपलंच खरं करायचं नाही, आणि वेळ पडली तर स्वतःचं चालू काम बाजूला ठेवायचं, हे करणारी माणसं मला तरी फार थोडी भेटलीत. ज्यानं मला माउंट विकला त्याला पाच मिनिटं लॉग उघडून बघणं जमलं नाही, त्याचे तर मी पैसे मोजले होते. तुम्हाला मी काय दिलं होतं? काहीच नाही. अशा माणसांमुळेच नवीन लोक ह्या आकाशाच्या वेडात टिकतात, नाहीतर कितीजण तो खराब माउंट माळ्यावर टाकून गप बसले असतील, त्यांना कोणी सांगितलंच नसेल की दोष तुमचा नव्हता.

आता एक काम आहे. तुमचा एम ३३ चा डेटा त्या रात्री अर्धा राहिला आणि नंतर पावसाळी ढगांनी तुम्हाला परत संधी दिली नाही हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी गेल्या अमावस्येपासून दुसरं काहीच घेतलं नाहीये, फक्त एम ३३. फोकल लेंथ तुमच्यापेक्षा कमी आहे, कॅमेरा वेगळा आहे, पण रजिस्टर करून, म्हणजे तारे एकमेकांवर जुळवून, तुमच्या डेटात मिसळता येईल. वाऱ्यात बिघडलेले सब मी आधीच काढून टाकलेत. बाकीचे सगळे, फ्लॅट आणि डार्कसकट (दुरुस्तीसाठी वेगळे घेतलेले फोटो), आज रात्री तुम्हाला अपलोड करतोय, लिंक आली की उतरवून घ्या. आणि कमी वाटले तर सांगा, पुढच्या अमावस्येलाही तेच टार्गेट लावतो.

तुमचा,
दोन ट्यूब घेऊन आलेला तो