चर्चच्या फोटोबद्दल

ती. आई-बाबांस शि. सा. न.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतंय, स्वेटर घालते. आता आधी आजीला सांगा की मी बाटलेबिटले नाहीये. स्टेटसला एक पांढरं चर्च दिसलं तर केवढं रामायण! लिचफिल्ड म्हणून टेकडीवरचं गाव आहे, इथेच कनेक्टिकटमध्ये, ऑफिसमधल्या मैत्रिणीने गाडीतून नेलं, फोटो काढला, परत आले, संपलं. आणि बाबा, ह्या चर्चचे काँग्रिगेशनल लोक, म्हणजे प्रोटेस्टंटांचा एक पंथ, आपल्याला काही परके नाहीत, १८३१ ला नगरला जे अमेरिकन मिशन आलं ते मुख्यतः ह्यांच्याच पंथाचं, रेव्हरंड टिळक ज्यात होते ते.

पण खरी गंमत ऐका. हे चर्च १८२९ चं, लाकडाचं. १८७३ मध्ये लोकांना ते जुनाट वाटायला लागलं, टोकदार कमानींचं नवं हवं झालं. आपण काय केलं असतं, पाडलं असतं ना? ह्यांनी उचलून बाजूला नेऊन ठेवलं! अख्खी इमारत हां, सामान नाही. आई, तू म्हणशील कसं शक्य आहे, तर इथली बरीच घरं दगडविटांची नसतातच, लाकडी सांगाडा आणि वरून फळ्या, मग पायापासून सुटी करायची, जॅक लावून वर घ्यायची, खाली ओंडके सारायचे आणि ओढत न्यायची, आता ट्रकवरून नेतात एवढाच फरक. आपल्या वाड्याला कोणी जॅक लावला तर पहिल्या धक्क्यालाच ढिगारा. तर ह्याचा कळस काढला, कोपऱ्यापलीकडे नेलं, आणि मग त्यात स्केटिंग काय, सिनेमे काय, सगळं झालं. शेवटी १९२९-३० ला नवीन चर्च पाडलं आणि हेच जुनं परत मूळ जागी आणून उभं केलं. ५६ वर्षांनी. मी एवढी लावणार नाही, आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस.

दिवाळीला मात्र जमत नाहीये. रजा नाही म्हणाले ते अर्धंच खरं, तिकिटाचे ७० हजार वाड्याच्या पत्र्यांसाठी पाठवलेत, बाबांनी परत करायचे नाहीत. ताईच्या सासरकडच्या त्या मुलाशी रविवारी बोलते, नक्की, पण पत्रिका जुळली म्हणून हॉल बघायला जाऊ नका. आणि आजीच्या मोतीबिंदूच्या वेळी मी नसणार, तर तिला म्हणावं पट्टी काढली की पहिला व्हिडिओ कॉल मला, डॉक्टरांच्या समोरच लाव म्हणावं.

तुमची,
सोनू