सोसायटीच्या आवारात खेळण्यास मनाई करणारा फलक काढण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
कार्यकारी समिती

महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. त्याआधीच्या पत्रावर पोच म्हणून शिक्का तेवढा मिळाला. सचिवांना विचारलं की ते म्हणतात, अध्यक्षांशी बोला. आपण म्हणता, मीटिंगमध्ये घेऊ. मीटिंगा होतात, पण विषयपत्रिकेवर हा विषय येत नाही. म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे आणि प्रत्येक समिती सदस्याला त्याची प्रत देत आहे.

"आवारात खेळण्यास सक्त मनाई आहे" हा फलक कोणत्या सर्वसाधारण सभेच्या ठरावाने लागला? इतिवृत्तात मला असा ठराव सापडला नाही. तळमजल्यावरच्या एका सदस्यांनी तक्रार केली आणि पुढच्याच आठवड्यात फलक लागला, एवढंच आम्ही पाहिलं. ते शांतता राखण्याच्या नियमावर बोट ठेवतात. मोकळी जागा सर्व सभासदांच्या सामाईक वापरासाठी आहे, हेही त्याच नियमावलीत आहे. त्या जागेवर त्यांची दुसरी गाडी कायम उभी असते, त्यांच्या कुंड्यांनी जिन्याखालची वाट अडली आहे आणि रविवारी दुपारी त्यांच्या घरातलं ड्रिल मशीन सगळ्या विंगने ऐकलं आहे. तेव्हा कोणी फलक लावला नाही. चेंडूने त्यांची काच फुटली होती, तीही पालकांनी दुसऱ्याच दिवशी बसवून दिली.

परवा मुलींनी लंगडीसाठी खडूने घरं आखली होती. वॉचमनने पाइप लावून ती धुऊन काढली. मुली बाजूला उभ्या राहून बघत होत्या. नंतर त्या जिन्यात बसल्या आणि एकीच्या मोबाइलभोवती सगळ्यांची डोकी जमली. आपल्याला हेच हवं आहे का?

"खेळायचं तर मैदानावर जा," असं सांगितलं जातं. सात-आठ वर्षांचं मूल रस्ता ओलांडून एकटं मैदानावर जाणार कसं? कोणीतरी न्यायचं म्हटलं की खेळ रविवारपुरता उरतो. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी किमान 60 मिनिटं चांगली दमवणारी हालचाल सांगते. आठवड्यातून दोनदा कराटेच्या क्लासला पाठवून ती भरून निघत नाही.

समितीने तोंडी सुचवलेला तोडगा, म्हणजे "अंधार पडल्यावर खेळू दे", त्याबद्दल मुद्दाम लिहिते. मुलांच्या डोळ्यांना उजेड लागतो. घरात दिवे लावून जेमतेम काहीशे लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड मिळतो. दिवसा बाहेर सावलीतसुद्धा तो हजारोंच्या घरात असतो. या उजेडाने डोळ्याच्या आतल्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि ते डोळा मागच्या बाजूला लांबट होत जाण्याला आवर घालतं, असं तज्ज्ञ मानतात. डोळा लांबला की लांबचं अंधूक दिसतं, म्हणजे लघुदृष्टी येते, आणि चष्मा लागतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी 40 मिनिटं जास्त बाहेर ठेवून पाहिलं. 2015 मध्ये निष्कर्ष छापून आले: तीन वर्षांत त्या मुलांपैकी 30.4 टक्क्यांना लघुदृष्टी आली, इतर मुलांत 39.5 टक्क्यांना. अंधारात खेळून हा फायदा मिळणार नाही. आपल्या विंगमध्ये किती लहान मुलांना चष्मे लागलेत, ते लिफ्टमध्ये एकदा बघा.

आणि नुसत्या शरीराचाच प्रश्न नाही. खाली खेळताना शेजारचा चार वर्षांचा मुलगा कच्चा लिंबू असतो. त्याच्यावर राज्य येत नाही, पण तो पळतो सगळ्यांबरोबर. हे मोठ्या मुलांनी आपापसात ठरवलं, कोणी शिकवलं नाही. आउट होता की नव्हता यावर भांडतात, कट्टी घेतात आणि मोठ्यांपैकी कोणी मध्ये पडायच्या आत पुन्हा डाव मांडतात. हे शिक्षण घरात कोंडून मिळत नाही. खेळणं हा लाड नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात कलम 31 मध्ये तो मुलांचा हक्क म्हणून लिहिला आहे.

ब विंगमधल्या बहुतेक घरांचं हेच म्हणणं आहे. रोज तोंड बघायचं असतं म्हणून ती सही करायला कचरतात. मी करते आहे.

माझ्या मागण्या अशा: फलक उतरवावा. मोकळ्या जागेतली दुसरी गाडी हलवावी. संध्याकाळी पाच ते साडेसात खेळाची वेळ म्हणून सूचना फलकावर लिहावी. दुपारची झोप कोणाची मोडू नये, हे आम्हालाही मान्य आहे. टणक चेंडू नको असेल तर तेही लेखी द्या, मुलं मऊ चेंडूने खेळतील. वॉचमनने मुलांवर ओरडू नये, तक्रार असेल तर पालकांना इंटरकॉम करावा.

येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि तसं लेखी कळवावं. तोपर्यंत मुलं रोज पाच वाजता खाली उतरतील आणि आम्ही पालक आळीपाळीने त्यांच्याबरोबर उभे राहू.

कळावे,
आपली विश्वासू,
एक सभासद, ब विंग

प्रत: सचिव, खजिनदार व सर्व समिती सदस्य