फ्रिजवर लावलेला स्वभाव

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत गेले काही आठवडे ‘तुमचा स्वभाव ओळखा’ अशा धर्तीच्या प्रश्नावल्या येत आहेत. त्या मीही पेन घेऊन सोडवते, हे आधीच कबूल करते. तरीही घरात जे पाहिले त्यावरून हे पत्र लिहावेसे वाटले.

माझी नात आठवीत आहे. तिच्या शाळेत बाहेरून आलेल्या कुणा मार्गदर्शकांनी अर्ध्या तासात व्यक्तिमत्त्वाची चाचणी घेतली आणि प्रत्येक मुलाच्या हाती स्वभावाचा प्रकार सांगणाऱ्या चार इंग्रजी अक्षरांचा एक रंगीत कागद ठेवला. आमच्या सुनेने तो कौतुकाने फ्रिजवर लावला. गेल्या वर्षी जत्रेच्या नाटकात देवळासमोरच्या मंडपात एकदाही न अडखळता भूमिका करणारी ही मुलगी यंदा तालमीलाच गेली नाही. कारण विचारले तेव्हा तिने फ्रिजकडे बोट दाखवले. ‘‘आजी, मी इंट्रोव्हर्ट आहे. तिथं लिहिलंय.’’

मी चष्मा लावून तो कागद वाचला. ‘तुम्हाला माणसांत मिसळायला आवडते, पण कधी कधी एकटे राहावेसे वाटते’, हे त्यातले एक वाक्य. ते तिला जितके लागू होते तितकेच सत्तरीच्या मलाही, आणि बहुधा आमच्या पाववाल्या पदेरालाही. बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांना ‘खास तुमचे’ म्हणून स्वभाववर्णन वाटले होते. मुलांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी चारहून अधिक गुण दिले. सर्वांच्या हाती मजकूर मात्र एकच होता आणि त्यातला बराचसा बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. चार अक्षरांची ती पद्धतही स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या 1921 सालच्या ग्रंथावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी बेतलेली आहे आणि त्या दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. एवढ्यावरून ती टाकाऊ ठरत नाही, हे मान्य. खरी अडचण अशी की बहुतेक माणसे अंतर्मुख आणि बहिर्मुख या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी असतात, आणि मधोमध रेघ ओढून त्यांची दोन गटांत वाटणी केली की रेघेजवळच्या माणसाचा गट काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतल्यावर सहज बदलतो.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी ज्यांचा पुतळा आहे त्या कांदोळीच्या आबे फारिया या धर्मगुरूंनी दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये हेच तर सांगितले होते की, संमोहनाचे बळ संमोहन करणाऱ्याच्या हातांत नसून समोरच्या माणसाच्या मनात असते. त्या रंगीत कागदाचे बळही तसेच, वाचणाऱ्याने दिलेले. आपल्याकडे देवाला कौल लावतात, तोसुद्धा एका कामापुरता असतो. पाकळी उजवीकडून पडली म्हणून कुणी आपला जन्माचा स्वभाव ठरवून घेत नाही.

मनाविषयीचे लेखन छापूच नये, असे माझे म्हणणे नाही. उलट ते अधिक हवे, पण वेगळे हवे. गोव्यातच 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांवर एक अभ्यास झाला आणि तो 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ‘संगाथ’ या संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या, पण मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना सुटलेली रोजची कामे आणि तुटलेला माणसांतला वावर हळूहळू पुन्हा सुरू करायला मदत केली, आणि नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांपेक्षा त्यांच्यात सुधारणा अधिक दिसली. तू कोणत्या प्रकारची, असे तिथे कुणी विचारत नव्हते. सकाळी उठून काय केले, हे विचारत होते. ही हकिकत माझ्या शेजारपाजारी कुणाला ठाऊक नाही. चार अक्षरे मात्र पोराटोरांना पाठ आहेत.

म्हणून विनंती अशी की, पुढील प्रश्नावलीसोबत ती कुणी तयार केली, कशावर पडताळली आणि तिच्यातून काय कळत नाही, हे तितक्याच ठळक अक्षरांत छापावे. शेजारच्या चौकटीत ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा विनाशुल्क क्रमांक आणि बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत बाह्यरुग्ण विभाग असल्याची नोंद द्यावी. शाळांनीही असे कागद मुलांच्या हाती देण्यापूर्वी पालकांना बोलावून घ्यावे.

नातीच्या नाटकाच्या तालमी अजून तीन आठवडे चालणार आहेत. कागद मी काढलेला नाही. तो तिनेच काढावा, अशी वाट पाहते आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा