बुडालेले भात कशामुळे तगते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बळ्ळारी नाल्याचे पाणी येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात शिरले की ‘पाण्यात न मरणाऱ्या’ भाताची चर्चा निघते. कुणी त्याला जीएम (बाहेरून जनुक घातलेले) बियाणे म्हणतो, तर कुणी म्हणतो, ते लावले की पुराची चिंता मिटली. दोन्ही खरे नाही. दुसऱ्या समजापायी तर शेतकऱ्याचा हंगाम जाऊ शकतो, म्हणून हे पत्र.

भाताच्या रोपात इथिलीन वायू सतत तयार होतो आणि हवेत निघून जातो. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो, त्यामुळे बुडालेल्या रोपात इथिलीन कोंडते. मग जिबरेलिन या संप्रेरकाचा जोर वाढतो, उंची वाढवणारी जनुके जागी होतात आणि रोप पाण्याबाहेर निघायला भराभर उंच वाढते. त्यात साठवलेला स्टार्च खर्ची पडतो. गढूळ पाण्यात ऊन पोचत नाही, नवे अन्न तयार होत नाही. पाने पिवळी पडतात आणि पाणी ओसरताच लांबलेले, अशक्त रोप लोळते.

‘सब१ए’ जनुक असलेल्या भातात हेच इथिलीन त्या जनुकाला जागे करते. त्यावरून बनलेले प्रथिन पेशीकेंद्रकात जाऊन इतर जनुकांचे काम कमी-जास्त करते. जिबरेलिनला आवर घालणारी एसएलआर१ आणि एसएलआरएल१ ही प्रथिने वाढतात, स्टार्च मोडणाऱ्या अमायलेजची जनुके दबतात. रोप वाढ थांबवून साठा राखते. पाणी उतरले की इथिलीन निघून जाते, हा आवर सुटतो आणि उरलेल्या साठ्यावर नवे पान फुटते.

नुसते जनुक असून भागत नाही, हे आम्हाला ठासून सांगायचे आहे. बऱ्याच इंडिका (भाताचा एक मुख्य प्रकार) भातांत सब१ए असते, पण त्याच्या दुसऱ्या रूपात. तगणाऱ्या रूपाच्या प्रथिनात १८६ व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल असते, तिथे या रूपात प्रोलीन असते. शिवाय बुडाल्यावर हे रूप फारसे जागे होत नाही. खोल पाण्यातल्या भातात तर याच कुळातली ‘स्नॉर्केल’ प्रथिने इथिलीन मिळताच उलट काम करतात, रोपाला झपाट्याने उंच करतात.

हे जनुक ओडिशाच्या देशी भातातून निवडलेल्या एफआर१३ए या वाणातले. ते २००६ साली नेमके ओळखले गेले. डीएनएच्या खुणा तपासत संकर करून ते ‘स्वर्णा’ या भाताच्या वाणात आणले आणि २००९ मध्ये ‘स्वर्णा-सब१’ भारतात प्रसारित झाले. बाहेरून जनुक टोचलेले नाही, म्हणून ते जीएम नव्हे.

आता मर्यादा. रोप पूर्ण बुडाले तर साधारण दोन आठवडे तगते. पाणी कोमट आणि गढूळ असेल तर त्याहून कमी, कारण साठा लवकर संपतो. ही ताकद फुटव्यांच्या काळातली आहे. पोटरीत किंवा फुलोऱ्यात बुडालेल्या पिकाला तिचा भरवसा नाही. आपल्याकडे बरेच जण रोपलावणी न करता थेट पेरणी करतात. पेरल्याबरोबर वाफा तुंबला तर बी कुजतेच, सब१ तिथे कामाचे नाही. गुडघाभर पाणी महिनाभर साचून राहणाऱ्या खोलगट रानातही नाही. शिवाय स्वर्णा सुमारे १४० दिवसांचे, बुडाल्यावर आणखी लांबते. हंगामाच्या शेवटचा पाऊस लवकर आटोपणाऱ्या रानात हा हिशेब आधी घालावा.

पाणी ओसरल्या दिवशीच युरिया टाकणे ही नेहमीची चूक. पाने करपलेली, मुळे दमलेली असतात, खत उचलले जात नाही. पाच ते सात दिवस थांबावे, नवे पान हिरवे दिसले की नत्र द्यावे. तोवर रोप मेले समजून नांगर घालू नये. बुडखा दाबून पाहावा. तो टणक असेल तर फूट येते. मऊ पडून वास मारत असेल तर ते चूड (रोपांचा झुबका) गेले. रिकाम्या जागी जगलेल्या चुडांचे फुटवे वेगळे करून लावावेत.

आपले,
जीवशास्त्र आणि कृषी विषयांचे काही शिक्षक, बेळगाव