नातवाला तपासणाऱ्या डॉक्टरबाईंस

दांडिया बाजार, बडोदे

आदरणीय डॉक्टरबाई,
सादर नमस्कार.

माझ्या नातवाच्या काखेत आणि पोटावर उठलेल्या पुटकुळ्यांसंबंधी आपण जे मार्गदर्शन केलेत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीर लिहिण्याचे कारण असे, की अशा पुटकुळ्या पाहून धास्तावलेल्या इतर घरांनाही आपण सांगितलेल्या गोष्टी उपयोगी पडाव्यात.

आपण भिंगातून पुटकुळ्या आधी स्वतः पाहिल्यात आणि मग मला व माझ्या सुनेला दाखवल्यात. दोन ते पाच मिलिमीटरच्या, टणक, मोतिया रंगाच्या आणि मध्यभागी बेंबीसारखा खळगा असलेल्या या पुटकुळ्यांना मोलस्कम म्हणतात, त्या विषाणूमुळे येतात आणि निरोगी मुलांच्या अंगावरून बहुधा सहा ते बारा महिन्यांत, कधीकधी त्याहून बऱ्याच उशिरा, आपोआप जातात, असे आपण सांगितलेत. हा विषाणू देवीच्या विषाणूच्या कुळातला आहे, हे कोणाकडून तरी ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण देवीच्या व्रणांचे चेहरे मी लहानपणी पाहिले आहेत. कूळ एक असले तरी हा विषाणू त्वचेच्या वरच्या थरातच राहतो, शरीरात पसरत नाही, हे आपल्याकडून कळले तेव्हा कुठे मला झोप लागली.

पुटकुळ्या खरवडून किंवा गोठवून काढता येतात, पण त्याने मूल दुखावते आणि कधी व्रणही राहतो, म्हणून आपण थांबण्याचा सल्ला दिलात. औषध का देत नाही हे समजावून सांगायला औषध लिहून देण्यापेक्षा अधिक वेळ लागतो, आणि बाहेर रांग लागलेली असताना तो वेळ आपण आम्हांला दिलात, याचे मोल मी जाणते.

आपण लक्ष वेधलेत ते त्याच्या कोरड्या त्वचेकडे. कोरडेपणाने खाज सुटते, खाजवलेल्या नखांनी विषाणू शेजारच्या त्वचेवर जातो आणि पुटकुळ्या वाढतात. म्हणून आंघोळीनंतर लगेच त्वचा मऊ ठेवणारे मलम लावणे, नखे बारीक ठेवणे, टॉवेल वेगळा ठेवणे, बहीणभावंडांना एकत्र आंघोळ न घालणे आणि पुटकुळी कदापि न फोडणे, एवढेच आम्ही पाळले. त्याच्या तान्ह्या बहिणीच्या नाकावरचे पांढरे ठिपके मात्र निराळे असल्याचे आपण जाता जाता सांगितलेत; ते त्वचेतील केराटिन नावाचे प्रथिन साचून होतात, संसर्गजन्य नसतात आणि काही आठवड्यांत जातात.

सर्वांत मोठे ऋण आहे ते आपण आधीच दिलेल्या एका सूचनेचे. जाण्यापूर्वी पुटकुळ्या लाल होऊन सुजू शकतात आणि ते बहुतेक वेळा शरीराने विषाणूशी लढा सुरू केल्याचे लक्षण असते. मात्र पू झाला, ताप आला किंवा लाली भोवती पसरत गेली तर लगेच यावे, आणि पापणीवर पुटकुळी उठली तर डोळे दाखवावेत, असे आपण बजावले होते. पुढे काखेतल्या पुटकुळ्या खरोखरच लालभडक झाल्या, तेव्हा घरात कोणी घाबरले नाही आणि विनाकारण प्रतिजैविकेही दिली गेली नाहीत.

मुलाला घरी ठेवावे का, अशी बालवाडीतून विचारणा झाली तेव्हा, पुटकुळ्या कपड्याखाली झाकल्या असल्यास शाळा बुडवण्याचे कारण नाही, अशी चिठ्ठीही आपण दिलीत. त्या चिठ्ठीमुळे त्याला मित्रांपासून दूर बसावे लागले नाही.

आता त्याची त्वचा स्वच्छ आहे. आपल्या गुजराती सूचनापत्रकाचा मराठी मजकूर तयार करून देण्याची माझी इच्छा आहे. आपण तपासून संमती दिलीत, तर तो आपल्या दवाखान्यात लावता येईल.

आपली ऋणी,
एक आजी